परदेशनाना

आज सकाळी प्रचाराची रिक्षा आमच्या दारावरून गेली. निवडणूक जिल्हा परिषदेची. आम्ही धरणगाव गावातले, इथं नगरपालिका, म्हणून आमचं त्यात मत नाही. पण पेट्रोल पंप आमच्या बाजूला आहे, म्हणून खेड्यांवर जाणाऱ्या रिक्षा इकडून जातात आणि जाताना भोंगा बंद करत नाहीत. भोंग्यातला माणूस सांगत होता की या वेळी चुकलात तर आपल्या देशाचा अमका देश होईल. जिल्हा परिषदेकडं काम काय, तर शाळेचे पत्रे, गावचा रस्ता, गुरांचा दवाखाना. त्यात तो देश कुठून आला, मला कळलं नाही. हसू आलं नाही. हसायला समोर कोणी लागतं. ही असती तर भाकरी थापता थापता म्हणाली असती, "आता कोणता?"

ही म्हणजे सुमन, माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं.

"आता कोणता" हे वाक्य तिचं नाही, भिलानानांचं. नानाही गेले, या उन्हाळ्याआधी. दोघं एकाच गावचे, शिंदखेड्याचे. नात्यानं एकमेकांचे कोणी नव्हते, पण आमच्याकडं गावची लेक ती सगळ्या गावाची लेक. त्या हिशेबानं मी त्यांच्या गावचा जावई. ते माझ्यापेक्षा मोठे, तरी मला कधी नावानं हाक मारली नाही. माझं साउंडचं दुकान होतं, तिथं सगळ्यांसमोरसुद्धा "पाव्हनं" म्हणायचे.

नाना काय करायचे ते सांगतो. सभेचे साहेब वेळेवर येत नाहीत. दुपारची सभा संध्याकाळी लागते. तोवर टेम्पोत घालून आणलेली माणसं उठून जायला लागतात, बाया पोरांना घेऊन मंडपाच्या बाहेर सावली शोधतात. साहेबांनी वरून रिकाम्या खुर्च्या पाहिल्या तर खालच्या माणसाची हजेरी घेतात. म्हणून साहेब येईपर्यंत माणसं बसवून ठेवणारा एक लागतो. त्याचं नाव पत्रिकेत नसतं, फोटो बॅनरवर नसतो. साहेबांची गाडी दिसली की त्याच्या हातातला माईक काढून घेतात, वाक्य अर्धं असलं तरी. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांत या कामाला नानांसारखा माणूस नव्हता. सगळे पक्ष त्यांना बोलवायचे. ज्या पक्षाचं उपरणं गळ्यात घातलं जाई ते घरी नेऊन धुऊन, घडी करून, पुढच्या खेपेला परत द्यायचे. लोक ठेवून घ्या म्हणायचे. नाना म्हणायचे, "घरमा ठेवं तं एकमेकले बांधीसन भांडतीन ती." घरात ठेवली तर एकमेकांना बांधून भांडतील.

माणूस बुटका, काळासावळा, छाती मात्र पेटाऱ्यासारखी. आवाज असा की त्यांच्यासाठी मी मशीनचं बटण कमी ठेवायचो. माईकसमोर जाताना चपला काढायचे. मी एकदा विचारलं, स्टेज काय देऊळ आहे का? तर म्हणाले, पायात चपला असल्या की पळून जावंसं वाटतं. त्यांच्या चपला माझ्या मशीनजवळ असायच्या. सभा मोडून गर्दी अंगावर आली तर आधी चपला सांभाळायच्या, मग मशीन, असं मला सांगून ठेवलं होतं.

शिंदखेड्याहून पॅसेंजरनं यायचे. गाडीतून उतरून आधी आमच्या घरी. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोंडाईचाच्या बाजारातली लाल मिरची. कधी म्हणून रिकाम्या हातानं आले नाहीत. सुमन म्हणायची, "नाना, मागची अजून संपली नाही." ते म्हणायचे, "मिरची तुन्हासाठे नही बाई. आंडेरना घर खाली हाते येवाना कायदा नही." लेकीच्या घरी रिकाम्या हातानं यायचा कायदा नाही. मिरची दिली की पाटावर बसायचे. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायची. खाऊन झालं, हात धुतला, की मला विचारायचे, "पाव्हनं, आता कोणता?"

कोणता म्हणजे कोणता देश.

सुरुवातीला असं नव्हतं. पहिल्यांदा नाना गावांवर बोलायचे. एकदा पारोळ्याकडच्या सभेत म्हणाले, "विचार करून मत द्या, नाहीतर तुमच्या गावाची गत अमक्या गावासारखी होईल, जिथं नळाला पाण्याऐवजी हवा येते आणि लोक त्या हवेनं सायकलीत हवा भरतात." लोक हसले. तेवढ्यात एक म्हातारी उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, ते माझं माहेर आहे. माझ्या भावानं त्या नळाचं पाणी पाजूनच मला मोठी केली." नाना स्टेजवरून उतरले, अनवाणीच, आणि म्हातारीच्या पाया पडले. मी माईक बंद केला, कारण पुढचं बोलणं त्या दोघांचं होतं.

परत येताना टेम्पोत बसल्यावर त्यांनी चपला घातल्या. मग म्हणाले, "जवळनं नाव लिधं तं कोनतरी सगा निंघस. देश लांबना पाहिजे." जवळचं नाव घेतलं की गर्दीत कोणाचं तरी कोणी निघतं. परदेशात आपलं कोणी नाही, म्हणून परदेश घ्यायचा. तेव्हापासून ते परदेशनाना झाले. मोठे साहेब भाषणात परदेश घेतात ते का घेतात, मला ठाऊक नाही. नानांचं कारण एवढंच होतं की तिथून कोणी म्हातारी उठून उभी राहणार नाही.

नानांनी आयुष्यात सुरतेच्या पलीकडं पाय टाकला नव्हता. देशाचं नाव त्यांना पक्षाचा माणूस सांगायचा. एका पक्षाला एक देश लागायचा, दुसऱ्याला दुसरा. नाना त्या देशाचं आपल्या गल्लीतलं घर करायचे. श्रीलंका म्हणजे ज्यानं पोरीच्या लग्नात ऐपतीपेक्षा मोठा मांडव घातला आणि आता मांडववाला दारात बसलाय, तो माणूस. पाकिस्तान म्हणजे वाटणी घेऊन निघून गेलेला आणि रोज सामाईक भिंतीला कान लावून बसणारा चुलतभाऊ. बांगलादेश म्हणजे ज्या घरात माणसं फार आणि ताटं कमी. पाहुणा दिसला की तिथं ताट वाढत नाहीत, ताट लपवतात. ताटाचा हा किस्सा फार चालायचा. नाना उपरणं पोटाशी धरून ताट लपवून दाखवायचे, बाया तोंडाला पदर लावायच्या.

व्हेनेझुएला त्यांना कधीच म्हणता आला नाही. ते वेणीझुला म्हणायचे. शेंदुर्णीच्या बाजूला एका बाईनं विचारलं, "नाना, ही वेणीझुला कोणाची सून?" नाना म्हणाले, "ज्या घरमा जाई त्या घरनं वाटोळं करी." त्यानंतर पक्षाचा माणूस मुद्दाम तोच देश मागायला लागला.

केळीचं मात्र फसलं. सावद्याकडं सभा होती. सगळा केळीचा मुलूख. पक्षाचा माणूस शिकलेला, पुण्याहून आलेला. तो म्हणाला, "नाना, आज बनाना रिपब्लिक घ्या." नाना माझ्याकडं आले. "पाव्हनं, बनाना म्हंजे केळीच ना?" मी म्हटलं, केळीच. "आनि ते दुसरं?" मी म्हटलं, राज्य असेल. नाना चपला काढून वर गेले आणि छातीतून ओरडले, "हे लोक निवडून आले तर या देशात केळीचं राज्य आणतील." मंडपातले सगळे केळीवाले टाळ्या वाजवायला लागले. मागून एकजण म्हणाला, "आणा लवकर, आम्ही कधीचे वाट पाहतोय." पुण्याच्या माणसानं डोक्याला हात लावला. नानांना काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणाले, टाळ्या तर पडल्या.

त्याच सभेत पुढं इराणचं नाव निघालं. तर पहिल्या रांगेतला एक शेतकरी हात जोडून म्हणाला, "नाना, दुसरा कोणताही देश घ्या. माझी केळी तिकडं जाते." नानांनी लगेच इराण सोडला आणि वेणीझुला घेतली. येताना मला म्हणाले, "लांबना देशबी जवळ येवाले लागनात." लांबचे देशही जवळ यायला लागलेत. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं.

सुमनला नानांचं बोलणं आवडायचं. धरणगावात सभा असली की बायांत पुढं जाऊन बसायची. पण एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "नाना, त्या देशांतल्या बायांना तुमचं ऐकू जात नाही, ते बरं आहे." नानांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "बाई, तू धरणगावले देयेल शे म्हनीसन मी या गावले कधी नाव ठेयं का?" तू धरणगावला दिलेली आहेस म्हणून मी या गावाला कधी नावं ठेवली का? ते खरं होतं. एकदा इथल्या उमेदवाराला आमच्या गावच्या बसस्टँडची टिंगल हवी होती. नानांनी सांगितलं, आमची लेक इथं दिलेली आहे, सोयऱ्याच्या गावाला माईकवरून नावं ठेवत नसतात. पैसे न घेता पॅसेंजरनं परत गेले. सुमन म्हणाली, "मी धरणगावचं नाही म्हणत." तिला दोनदा सांगायची सवय नव्हती.

नानांची नात कोमल. तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथं नंबर लागला नाही. खाजगीचं नाव काढायची सोय नव्हती. कोमलच्या बापाच्या कोणी मित्रानं सांगितलं, त्यावरून तिला बांगलादेशात घातलं. नाना सांगायला आले तेव्हा मिरचीची पिशवी हातात तशीच धरून उभे होते. "पोर बांगलादेशले चालनी, बाई." सुमननं विचारलं, "जेवणाचं काय तिथं?" नाना म्हणाले, "तेच तं." त्यांच्या तोंडावर ताटाचा किस्सा दिसत होता. स्वतःच रचलेला, आणि स्वतःलाच खरा वाटायला लागलेला.

कोमल गेली. काही महिन्यांनी नाना आले ते पाटावर बसायच्या आधी बोलायला लागले. पोरींच्या खोल्यांवर स्वयंपाक करणारी एक बाई होती, सगळ्या तिला खाला म्हणायच्या. खाला म्हणजे मावशी. कोमलनं व्हिडिओ कॉलवर तिला आजोबा दाखवले. खालानं डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "भात खाइसेन?"

आता आमच्या अहिराणीत खाईसन म्हणजे खाऊन. भात खाईसन म्हणजे भात खाऊन. नानांना वाटलं बाई अहिराणी बोलतेय आणि तिचं वाक्य अजून पुरं व्हायचंय. ते थांबले. खालापण थांबली. नाना म्हणाले, "हां, भात खाईसन... काय करू, बाई?" खाला पुन्हा म्हणाली, "भात खाइसेन?" नाना म्हणाले, "भात खाईसन धरणगावले जास." कोमल तिकडं हसून पलंगावर पडली. मग तिनं सांगितलं, नाना, ती विचारतेय की जेवलात का. त्यांच्यात माणूस दिसला की पहिलं हेच विचारतात.

"पाव्हनं," नाना मला म्हणाले, "ती बाई अहिरानी बोलस." मी म्हटलं, नाना, ती बंगाली. ते म्हणाले, "व्हई. पन अर्धी अहिरानी." सुमन चुलीकडून म्हणाली, "आणि ताट?" नानांनी मिरचीची पिशवी तिच्याकडं दिली. मग म्हणाले, पोरीला भात नको असतो म्हणून ती बाई तिच्यासाठी पोळ्या करायला शिकली. जाड होतात. पण करते.

पुढं तिकडं गडबड सुरू झाली. रस्ते बंद, कॉलेज बंद, फोन लागेनात. नाना त्या दिवसांत आमच्याकडं आले, सभा नव्हती तरी. घरी पोरगा आणि सून रडत बसलेत, तिथं बसवत नाही म्हणाले. आमच्या ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसले. सुमन तेव्हाच आजारी होती, पोटात कळा यायच्या, तरी त्यांच्याजवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला. खालानं कोमलला खोलीवरून आपल्या घरी नेलं होतं. एक खोलीचं घर, तिचा नवरा आणि पोरं जमिनीवर निजली आणि पोरीला खाट दिली. रस्ते मोकळे होईपर्यंत तिथंच होती. नानांनी फोन ठेवला आणि ओट्यावरच कपाळ टेकवलं. कोणाला नमस्कार केला ते मी विचारलं नाही.

त्यानंतरची विधानसभा. धरणगावात सभा. नाना आले, मिरची दिली, जेवले. "आता कोणता" विचारलं नाही. मैदानावर पक्षाचा माणूस आला, तरणा, कानात फोन ऐकायचं बोंडूक. म्हणाला, "नाना, आज बांगलादेश. तो तुमचा ताटाचा किस्सा जोरात घ्या. साहेब त्यावरूनच सुरू करणार आहेत."

नाना म्हणाले, "साहेब, श्रीलंका घेतो."

"श्रीलंका जुनी झाली."

"वेणीझुला घेतो. बाया फार हसतात."

"नाना, वरून आलंय. आज सगळ्या सभांत तेच आहे. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, पारोळ्याचा एक पोरगा आहे, तो तुमच्यापेक्षा मोठं बोलतो."

हे सगळं मी मशीनजवळ बसून ऐकत होतो. नानांचं वय झालं होतं. दोन निवडणुकांपासून त्यांना बोलावणं कमी झालं होतं, मोबाईलवर सगळं दिसतं म्हणून. मला कितीदा सांगायचे की सभा बंद झाल्या तर मी घरात भिंतीशी बोलत बसेन. माईक हेच त्यांचं होतं. शेत नव्हतं, पद नव्हतं. नानांनी चपला काढल्या. या वेळी माझ्या मशीनजवळ न ठेवता हातात घेतल्या, परत खाली ठेवल्या, आणि वर गेले.

माईकसमोर उभे राहिले आणि बोलेनात. मला वाटलं माईक गेला. मी बटण वाढवलं तर शिट्टी वाजली. म्हणजे माईक चालू होता.

मग म्हणाले, "बांगलादेशमा..." आणि थांबले. लोकांना किस्सा माहीत होता. पुढच्या बाया आधीच तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. "बांगलादेशमा मन्ही नात शे. तठे एक बाई तिले रोज जेवू घालस. मी तुमले इतला वरीस सांगं, तठे पाहुना दिसना का ताट दपाडतस. तसं नही शे. ती बाई माले फोनवर इचारस, भात खाईसन? तुम्ही बठ्ठा जेवीसन उनात का?"

तिथं ताट लपवतात हे खरं नाही म्हणाले, आणि तुम्ही सगळे जेवून आलात का, असं मंडपाला विचारलं. मी इतकी वर्षं माईक लावले, स्टेजवरून हा प्रश्न कधी ऐकला नाही. मागून एक बाई ओरडली, "नही नाना, सकायपासून बसाडी ठेयेल शे." आणखी एकजण म्हणाला, "पाण्याचा टँकर पण नाही." हसू झालं, गडबड झाली. कानात बोंडूक असलेला तो पोरगा माझ्याकडं धावत आला, आवाज बंद करा म्हणाला. मी म्हटलं, सभा तुमची आहे, मशीन माझी आहे. त्यानं वाकून स्वतःच वायर उपसली.

नाना बोलतच राहिले. माईक गेलाय हे त्यांना कळलं, त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलंही. आवाज मोठा होता, पण मैदान त्याहून मोठं. मला मशीनजवळ एक शब्द आला नाही, ओठ तेवढे दिसत होते. नंतर साहेबांच्या गाड्यांचे हॉर्न वाजले आणि कोणीतरी नानांना दंडाला धरून खाली आणलं. ओढलं म्हणता येणार नाही. पण आणलं.

ते काय बोलले ते मला सुमनकडून कळलं. ती पहिल्या रांगेत होती, पोट धरून, मी नको म्हटलं तरी आलेली. तिनं सांगितलं, नाना म्हणाले, जिथं आपली लेक जेवते ते आपलं सोयऱ्याचं गाव. सोयऱ्याच्या गावाला माईकवरून नावं ठेवत नसतात. तो देश आता मला सोयरा लागतो. तुम्हाला ज्याला मत द्यायचं त्याला द्या, पण माझ्या सोयऱ्याचं नाव घेऊन देऊ नका. एवढंच. मग म्हणाली, "तुमचा माईक नव्हता तेच बरं झालं. तेवढंच नीट ऐकू आलं."

साहेबांनी त्या सभेत बांगलादेश घेतलाच. टाळ्याही पडल्या. नाना तोवर स्टेशनच्या रस्त्याला लागले होते, चपला हातात घेऊन. घालायचं भान राहिलं नसेल.

नंतर त्यांना कोणीच बोलावलं नाही. एकाही पक्षानं नाही. मला वाटलं होतं निदान दुसरा पक्ष बोलावील. पण त्यांनाही कधी ना कधी तो देश लागणारच होता. असा माणूस कोणाच्याच कामाचा नसतो. नाना घरी बसले. फोनवर विचारलं की म्हणायचे, बरं आहे. भिंतीशी बोलता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. लोक त्यांना गमतीनं बांगलादेशी म्हणायला लागले, असं त्यांच्या पोरानं मला सांगितलं. त्यांच्याच गल्लीत.

मग सुमन गेली. जळगावच्या दवाखान्यात. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

नाना दारावर आले. म्हणजे भेटायला, बसायला, जसं येतात. दहावं होऊन गेलं होतं. त्यांना ताप होता म्हणून उशीर झाला. दुपारच्या पॅसेंजरनं आले. मी ओट्यावर होतो. गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हा ते फार बारीक झाले होते, छाती आत गेली होती. हातात कापडी पिशवी होती. दारापर्यंत आले, आत पाऊल टाकलं, आणि चुलीकडं पाहून पिशवी पुढं केली. तिथं घ्यायला कोणी नव्हतं. हात तसाच राहिला. मी उठून पिशवी घेतली. ते म्हणाले, "सवय शे पाव्हनं." मी म्हटलं, माहीत आहे.

आम्ही दाराशी आत बसलो. बोलण्यासारखं होतं ते तिला ठाऊक होतं. त्या दिवशी नगरपालिकेच्या प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या. थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. कोमल होती. मागं ती खाला, डोक्यावर पदर. कोमलनं तिला सांगितलं असणार की कोणाकडं बसायला गेलेत, कारण खाला हसली नाही. नानांनी फोन माझ्याकडं फिरवला. मी त्या बाईला प्रथमच पाहत होतो. आपल्याकडच्या कोणत्याही बाईसारखी बाई. तिनं मला विचारलं, "भात खाइसेन?"

ही गेल्यापासून मी कोणाच्या ना कोणाच्या हातचं दोन घास गिळत होतो. जेवलात का, असं मात्र मला कोणी विचारलं नव्हतं. डबा ठेवून जायचे. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

तेवढ्यात रिक्षा गल्लीत शिरली. भोंगा लावलेला. या नगरपालिकेत चुकाल तर या गावाचा बांगलादेश होईल, बांगलादेश होऊ देऊ नका, असं तो ओरडत आला, आमच्याच दारासमोर हळू झाला, कारण पुढं म्हैस आडवी होती. फोनमधून खाला काही विचारायला लागली. तिला तिच्या देशाचं नाव ऐकू आलं असणार. नाव तर कोणत्याही भाषेत तेच.

नाना उठले. ताप येऊन गेलेला माणूस, पण झटकन उठले. दार लोटलं, कडी घातली. तरी आवाज येत होता. मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, आणि ज्या छोट्या भोकातून आवाज आत जातो ते भोक शोधून त्यावर अंगठा दाबून धरला. रिक्षा जाईपर्यंत तसेच दारालगत, पाठीनं दार दाबून उभे होते. फोनमध्ये त्या दोघींची तोंडं हलत होती, विचारत होती, काय झालं.

म्हैस उठली. रिक्षा पुढं गेली. आवाज वळणावर कमी झाला, मग थांबला. नानांनी अंगठा काढला.

"काही नही, बाई," ते फोनमध्ये म्हणाले. "गल्लीमा एक आंधया भिकारी येयेल व्हता. मन्हा पाव्हनाले आते जेवाडस. भात खाईसन मंग बोलूत."